तिसरं प्रूफ

खारकर आळीतला छापखाना, सन एकोणसत्तर.
मी खिळे जुळवत होतो रशियाच्या इतिहासाचे.
फॉर्म अकरावा. यादवी संपत आलेली,
पांढरे हरलेले,
आणि तांबोवच्या रानात
लाल सरकारविरुद्ध उठलेले लोक.

हस्तलिखितात कॉम्रेड गुप्त्यांनीच लिहिलं होतं: शेतकरी.
निळी शाई, ठसठशीत.
तिसऱ्या प्रुफात तोच शब्द खोडून
समासात लाल शाईने: दरोडेखोर.

माणूस वाईट नव्हता.
वागळे इस्टेटीत टाळेबंदी झाली तेव्हा
घड्याळ विकून आणलेला तांदूळ
त्यांनी मापाने वाटला, स्वतःला सगळ्यांत शेवटी.
म्हणूनच विचारायची हिंमत झाली,
धान्य कोणाचं होतं, कॉम्रेड?
ते चष्मा पुसत राहिले.
"शहरं उपाशी होती, मढवी."
हेही खोटं नसावं.

चिमट्याने शेतकरी उपसले.
चार अक्षरं गेली, पाच आली,
ओळ स्टिकमध्ये मावेना.
स्वल्पविराम काढला, स्पेस बारीक केल्या,
तरी एक केस कमीच.
"गाव काढ," ते म्हणाले,
"इथे कोणाला ठाऊक आहे त्या गावाचं नाव?"

काढलं.
तर ओळ इतकी सैल पडली
की कोरे खिळे ठोकावे लागले मधे.
कोरा खिळा छापत नाही, नुसती जागा धरतो.
गावाची अक्षरं खणात परत गेली
आणि त्याच संध्याकाळी
कोणाच्या तरी मुंजीच्या पत्रिकेत लागली.

दुसऱ्याच वर्षी गोठिवलीला नोटीस आली.
आमच्या शेताच्या नंबरापुढे छापलेलं: पड.
बाबा नुकताच भात झोडून कणगी लिंपत होता.
"वाच," म्हणाला.
मी आधी टाइप पाहिला.
बारा पॉइंट, काळा, ओळ घट्ट बसलेली.
माझ्यासारख्याच कोणीतरी जुळवली असणार,
पगाराच्या आदल्या दिवशी.

आता त्या शेताला सेक्टर म्हणतात.
मी तिथेच राहतो, चौथ्या मजल्यावर.
कधी कधी झोप मोडते
आणि उजवा हात अंधारात केसवरून फिरतो.
चार खिळे होते.
पहिलं जोडाक्षर, अगदी वरच्या कोपऱ्यातलं,
त्यासाठी टाचा उचलाव्या लागायच्या.
एवढं टाचांना आठवतं.
नाव नाही.