मानस

भरतीचं कोष्टक माझ्या टेबलाच्या काचेखाली असतं.
पुढच्या श्रावणातल्या अमावास्येला
मांडवीचं पाणी किती वाजता चढेल, किती चढेल,
सगळं आजच छापून तयार.
चूक झालीच तर पाचदहा मिनिटांची.

मी मात्र माणसं मोजते.
चोडणला, फेरीच्या धक्क्यापासून खाजनापर्यंत
दोनशे बारा घरं, एकेचाळीस प्रश्न.
सव्विसावा : बांध फुटला तर तुम्ही याल का?

सगुण केरकर म्हणाले, बघू.
आनाक्लेत म्हणाला, पळोवया,
आणि त्याच्या बायकोनं सोलांचं सरबत पुढं करत विचारलं,
ह्याचे पैशे मिळतात गो तुला?

‘बघू’ला मी संकेतांक दिला : तीन.
‘पळोवया’लाही तीन.
शेतं पडीक, पोरं जहाजांवर, वारस लिस्बनला,
आणि हे दोघं एका फणसापायी
सात वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.
गणित म्हणालं, शंभरात अकरा. येणार नाहीत.

ऑगस्टात, कोष्टकानं सांगितलेल्याच वेळी
बांध फुटला.
आणि बॅटऱ्या घेऊन, कमरेइतक्या चिखलात
दीडशे माणसं.
सगुण चिखलाचे गोळे देतोय, आनाक्लेत घेतोय.
तेव्हाही न बोलता.

मी गणित सुधारलं.
काळोखाला वजन दिलं, चर्चच्या घंटेला दिलं,
फणसाचं कमी केलं.
दिल्लीच्या परिषदेत लोकांनी माना डोलावल्या.

पुढच्या वर्षी तिथंच, तशाच रात्री फुटला.
शंभरात ऐंशी, म्हणालं गणित.
घंटा वाजली. बराच वेळ वाजली.
कुणी आलं नाही.

का, म्हणून दारोदार विचारत फिरले.
जेवत होतो.
वाटलं, बाकीचे गेले असतील.
गेल्या वर्षी आलो नव्हतो काय?

खाजनाच्या बांधात लाकडी दार असतं,
भरतीच्या रेट्यानं मिटणारं, ओहोटीला उघडणारं.
त्याला इथं मानस म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं.
ह्या मानशीचं पुढच्या पन्नास वर्षांचं सांगता येतं,
लाकूड टिकलं तर,
आणि ते बदलायला कुणी आलं तर.

आता संकेतांक तीन मी काढून टाकलाय.
‘बघू’ म्हणाले तर बघू लिहिते, पळोवया तर पळोवया,
आणि म्हणण्याआधी नदीकडं पाहिलं का, तेही.
अहवालाला आकडा लागतोच.
तो मी शेवटी, फेरीत बसल्यावर, पेन्सिलीनं घालते.