न धरलेली जागा

मे महिन्याच्या दुपारी मोजणीला पराते आला,
डोक्याला दुपट्टा बांधून, हातात लेझरचं यंत्र.
"थोडं पाणी द्या न," म्हणाला.
आम्ही दोघंही उठलो.
ग्लास कुणाचे, ते अजून ठरलं नव्हतं.

लाल ठिपका हॉलभर फिरला,
देव्हाऱ्याच्या कोनाड्यात जाऊन आला,
खिडकीतल्या कुलरपाशी थांबला.
"हा स्टँड बाहेर निघाला आहे, हा धरत नाही आपण."

बेसा रोड, तिसरा मजला,
सहाशे अठ्ठ्याऐंशी चौरस फूट.
पहिलं नाव गजेंद्रचं,
कारण मला लॅबमध्ये पगार रोख मिळायचा.
पहिला हप्ता आईच्या पाटल्यांचा,
इतवारीत मोडल्या, भर उन्हात.
"पावती आहे का?" नंदनवार वकील विचारतात.
पावती नाही.
मनगटाशी त्या कशा वाजायच्या, तेवढं आहे.

हक्कसोडपत्रात लिहिलं आहे :
राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय.
मी दोनदा वाचलं.
चूक एकही नाही.

मग भांडी, गादी, मिक्सर.
गॅसच्या पुस्तकावरून थोडं वाजलंच.
शेवटी तो म्हणाला, "कुलर तू ने."
"काहून? तुले नाही लागत?"
"मले तं रात्री थंडी वाजे त्याची."

अकरा उन्हाळे.
दर मार्चात वाळ्याच्या नव्या ताट्या,
आणि रात्री अडीचच्या सुमारास
टाकी कोरडी पडून पंप घरघरायचा.
आम्ही दोघंही झोपेचं सोंग घ्यायचो.
मग एक जण उठायचा.
बहुतेक वेळा मीच,
त्याची झोप मोडू नये म्हणून.
तो कुडकुडत पडायचा,
मला गरम होईल म्हणून.

याला प्रेम म्हणू नका.
नुसतं विचारलं नव्हतं एकमेकांना.

सक्करदऱ्याच्या खोलीत
घरमालकीण ग्रिल कापू देत नाही.
कुलर दारात उभा आहे,
अर्धा आत, अर्धा जिन्याकडे.
वरच्या मजल्यावरचे लोक
अंग चोरून जातात.

अडीचला जाग येते, अजून.
पंप नीट चालू असतो.
तरी मी उठते,
अंधारात बादली चाचपते.
ती त्याच्या वाट्याला गेली.