सहाशे नऊ पूर्णांक तीन

अंबडच्या लॅबमध्ये पहाटे चारला
पडद्यावर सर्पगंधेतल्या रेणूचा आकडा आला,
सहाशे नऊ पूर्णांक सहा.

यायला हवा पूर्णांक तीन.
ते ठरलेलं आहे, माझ्या जन्माच्याही आधीपासून,
आणि रेणू काही रात्रीतून अंगाने भरत नाही.

सापळा तळहातात मावेल एवढा.
आत हेलियमचा विरळ श्वास,
आणि कुठेही न टेकता गरगरणारे आयन.
व्होल्टेज चढतं तसे हलके आधी सुटतात, जड मागून.
त्या सुटण्याच्या वेळेलाच आम्ही वजन म्हणतो.
तराजू कुठेच नाही.

गांगुर्डे सर म्हणतात, सीबीएसहून सातपूरची शेअर रिक्षा आठव.
मागे चार, पुढे दोन,
ड्रायव्हरचा अर्धा देह रस्त्यावर.
त्याला विचार, कुठे बसलायस?
तो सांगेल, सीटवर.
तसंच हे. सगळेच धन भाराचे, म्हणून एकमेकांना रेटतात,
आणि जो तो आपल्या वेळेपेक्षा
जरा उशिरा उतरतो.

मी नमुना पातळ केला, दहापट.
पूर्णांक चार.
अजून दहापट. पूर्णांक तीन,
पण आता शिखर इतकं बुटकं
की गोंगाटाच्या गवतात वाकून शोधावं लागतं.

मग दिंडोरीची द्राक्षं, पेटी क्रमांक सतरा.
रसातली साखर औषधाच्या तोंडावर हात ठेवते.
पाण्यात जे खणखणीत बोलतं
ते गरात अर्धंच ऐकू येतं.
म्हणून मोजपट्टीसुद्धा द्राक्षाच्याच रसात भिजवायची,
न फवारलेल्या एका वेलीच्या,
जी ओझरच्या शेवंताबाई मोगल आमच्यासाठी राखतात
आणि दरवर्षी विचारतात,
माझ्या द्राक्षांत काय सापडलं गं?
काहीच नाही, मी सांगते.
त्यांचा चेहरा थोडा पडतो.

आणि तेवढ्यात ती शिडी दिसली.
चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, चव्वेचाळीस,
सारख्या अंतराच्या पायऱ्या.
सतराच्या पेटीत. सोळाच्या.
कोऱ्या नमुन्यातही.

नळी बदलली. सुई तीनदा धुतली.
शेवटी नबीलला फोन करून उठवलं.
तो जांभई देत म्हणाला,
मॅडम, हाताला काय लावलंय?

निफाडला पारा पाचावर होता त्या आठवड्यात.
माझी बोटं फुटली होती.
रात्री निघताना लेकीने एकेक बोट धरून
क्रीम चोळलं होतं, जीभ बाहेर काढून, मन लावून.
आणि झाकणं घट्ट बसेनात म्हणून
मी हातमोजे काढले होते,
मिनिटभरच.

सकाळी सातला वही भरली.
तापमान, हेलियमचा दाब, किती पातळ केलं ते.
चुकीचा उगम, या रकान्यात लिहिलं: हात.

गांगुर्डे सरांनी चष्मा वर सरकवून विचारलं, कुणाचा?

मी सही केली
आणि सतरा नंबर पुन्हा लावला.