रकाना तिसरा

पहिल्या रकान्यात तारीख,
दुसऱ्यात, कुठे सापडले,
तिसऱ्यात नाव.
तिसरा रिकामा ठेवून चालत नाही.

त्या दिवशी गुरुवार होता, माझा उपास.
पेठ रोडच्या दवाखान्यातून रिक्षाने आलेलं पोर
टॉवेलात झोपलेलं,
आणि मी लिहिलं : दत्ता.
एवढंच. ‘त्ता’वर शाई जरा फुटली,
ती टिपकागदाने टिपली.
एकवीस वर्षं या टेबलाशी आहे मी.
सोमवारचे महादेव, शनिवारचे मारुती
माझ्या पेनाखालून किती गेले, मोजले नाहीत.

आज कोर्टाचे कागद घेऊन ती दोघं आली,
ओर्नेल्ला आणि रेन्झो.
बाई उंच, घामाने बेजार,
त्याचे तळवे सुतारासारखे.
सोबत ओझरची मृण्मयी कातकाडे,
मोहाडीच्या वायनरीत यंत्रं बसवायला आलेल्यांकडून
त्यांची भाषा शिकलेली.
म्हणाली, शिरोडेकाका,
ते विचारताहेत याच्या नावाचा अर्थ.

अर्थ?
मला फक्त वार माहीत होता.
मग गोदाघाटावर कधीतरी उभ्याउभ्या ऐकलेलं कीर्तन आठवलं :
अत्री ऋषींनी मागितलं,
तर देवाने स्वतःलाच देऊन टाकलं,
म्हणून तो दत्त.
म्हणालो, ‘दिलेला.’

आणि म्हणताक्षणी जीभ टाळ्याला चिकटली.
कारण त्याच पानावर, त्याच ओळीत
दुसरा रकाना उघडा होता.
दिलेला, की देऊन टाकलेला?
आपल्याकडे वर देतात, लेक देतात, शिवी देतात,
सोडूनही देतात.
एकच क्रियापद, कुठेही जुंपा.
बाकी हे गावसुद्धा
कापलेल्या नाकावरूनच नाव सांगतं म्हणतात,
आणि इथे कुणाला त्याची लाज वाटत नाही.

मृण्मयीने त्यांना सांगितलं.
ओर्नेल्ला थांबली. पर्स उघडली,
आत मार्चपासून चार घड्या घालून ठेवलेला कागद :
दोनातो.
रेन्झोच्या आजोबांचं नाव.
दगडाळ गाव, ऑलिव्हची झाडं,
आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली,
चौथं टिकलं, म्हणून म्हणाले, दिलेलं.
देवाने, इतकं स्पष्ट बोलायची गरज नव्हती त्यांना.
तिकडेही नातवाला आजोबाचं नाव लावतात म्हणे.

मृण्मयी उत्साहाने सांगत राहिली,
त्यांची लॅटिन, आपली संस्कृत, धातू एकच, काका.
मला धातू म्हटलं की तांबट आळी ऐकू येते,
भर दुपारी, ठोक्यावर ठोका.
असेल. एकाच पत्र्याची
इथे घागर झाली, तिथे घंटा.

इंदुबाई गांगुर्डे दाराशी उभी,
दीड वर्ष तिच्या कडेवर वाढलेलं पोर घेऊन,
गालाला काजळाचं बोट,
डोळे आधीच पुसून आलेले.
‘काय नाव ठेवलं म्हणता?’
‘दोनातो.’
तिने ओठात घोळवलं, खडीसाखरेसारखं.
‘दोन... आन् तो.
म्हणजे तीन झाले की हो.’

कुणी हसलं नाही.
भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या दत्ताची तोंडं
मी पहिल्यांदाच नीट मोजली.
गाय होती, चार कुत्री होती,
कुणालाच हाकललेलं नव्हतं.

शेऱ्यात मी लिहिलं : नाव बदलले.
मग एक काट मारली.
बदलले कुठे?
वरती लिहिलं : नाव तेच.
साहेब उद्या विचारतील, हे काय लिहिलंय.
विचारू देत.

गाडी शरणपूर रोडला वळेपर्यंत
इंदुबाई ‘दत्तू, दत्तू’ करत होती,
आणि तो काचेआडून हात हलवत होता,
नेमका कुणाला ते समजत नव्हतं.

मंगळवारी एक मुलगी आली,
सिन्नरच्या बसस्टँडवरून, मुठी घट्ट मिटलेली.
मी तारीख लिहिली. जागा लिहिली.
पेन तिसऱ्या रकान्यावर आलं,
आणि मंगळवारची देवी आपोआप बोटांत उतरली.
मी टोपण लावलं.
म्हटलं, इंदुबाई,
जरा इकडे उजेडात आणा तिला.
बघू तर दे मला.
नाव उद्या.