सव्वादोन वॅट

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
गाडी ढकलत आणली शेजारच्या प्रेसमधल्या दोन पोरांनी,
मागून टिपणीस साहेब, टोपी हातात,
जसं कुणा नातलगाला ॲडमिट करायचंय.
एमजी. दोन सीटची, बाटलीसारखी हिरवी, बहात्तरची.
माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी.

"चार महिन्यांत तिसरी बॅटरी," म्हणाले.
"येऊरहून उतरताना हेडलाइट पिवळे पडत जातात,
मग मेणबत्ती, मग नुसता अंदाज.
कोपरीवाल्याने अल्टरनेटर बदलला.
माजिवड्याच्याने बदललेला बदलला."

दुकानातली बॅटरी जोडली. इंजिन खोकलं, लागलं.
गाडी आधी ऐकावी.
पप्पा स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून
मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे.
गिऱ्हाइकाला वाटायचं, झोपले.
मी उजवा कान लावते. डाव्यात हल्ली शिटी वाजते.

बेअरिंग ठीक.
पट्टा अंगठ्याने दाबला: अर्धा इंच, बरोबर.
मागची जाड तपकिरी वायर घट्ट.
अर्थिंगची पट्टी घासून लखलखीत केली, उगाच, सवयीने.
मीटर. बंद गाडी, बारा पॉइंट चार.
चालू, बारा पॉइंट एक.
रेस द्या. बारा.
पुली गरागरा फिरतेय, पट्टा जीव काढून ओढतोय
आणि आत काहीच होत नाही.
अशी माणसं आमच्याकडे आहेत दोन-तीन.

तरी उतरवला.
अर्ध्या इंची पाना, पप्पांचा,
मिलिमीटरवाल्यांच्या गर्दीत एकटा पडलेला.
कार्बन नवे. स्लिप रिंगा घासल्या तांब्यासारख्या.
डायोड नऊ. मीटरच्या सुया लावत गेले,
जाऊ देतो, येऊ देत नाही,
जाऊ देतो, येऊ देत नाही,
नऊच्या नऊ प्रामाणिक.
नौशाद म्हणाला, ताई, रेग्युलेटर मारून बघू.
चहावर साय धरली.

पुन्हा चढवला.
मग ती बारीक वायर. तपकिरीवर पिवळी रेघ.
जाडीला सगळ्यांनी हात लावलेला, हिला कोण विचारतो.
तिच्या मागे मागे डॅशबोर्डखाली शिरले, उताणी,
पाय बाहेर रस्त्यावर, स्टीअरिंगचा दांडा कपाळाला.
चावी फिरवा, साहेब.
मागे पेट्रोलचा पंप टकटक करायला लागला.
दिवा काही नाही.
वर हात घातला. होल्डर होता.
होल्डरमध्ये बोट गेलं.

इथला लाल दिवा कुठे गेला?

साहेबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.
"तो मी काढला. दिवाळीत.
मध्येच मिणमिणायचा, काही कारण नसताना.
गाडी चालवताना सारखं लक्ष तिकडे."

तेव्हा कार्बन झिजले असणार. खरं बोलत होता बिचारा.
आणि नुसतं बोलतही नव्हता.
अल्टरनेटरच्या अंगात सुरुवातीला काही नसतं.
बॅटरीतला चिमूटभर करंट त्या दिव्यातूनच आत जातो,
तेव्हा कुठे लोखंडातलं चुंबक जागं होतं.
शेजारणीकडून खापरीत विस्तव आणावा,
तशी चूल पेटायची रोज.
यांनी खापरीच फेकली.

हे सगळं मी मनात म्हटलं.
तोंडाने म्हटलं, बल्ब बघते.

खालचा ड्रॉवर. सव्वादोन वॅटचा डबा,
डब्याखाली नौपाड्यातल्या कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी,
गणपतीतली, घडीवर ग्रीसचा अंगठा.
बल्ब घेतला. ड्रॉवर लावला.

चावी. लाल.
साहेबांनी तोंड वाकडं केलं.
सेल्फ. रेस. लाल फिकट झाला, गेला.
बारा सात, तेरा चार,
चौदा पॉइंट दोन, आणि तिथेच बसला.
नौशादने हेडलाइट लावले, भर दुपारी
प्रेसच्या शटरवर दोन पांढऱ्या बशा.

साहेब काहीतरी म्हणाले. पैशांचं असेल.
डाव्या बाजूला उभे होते.
मी मान वळवली.