तिसरं कोटेशन

रात्री दोनला आमच्या स्वयंपाकघरात
आजरा घनसाळ शिजल्याचा वास येतो.
आणि डब्यात तर रेशनचा तांदूळ.
कुमुद उठून गॅस बघून आली. बंद.
मग सिलिंगवरून कुणीतरी चाललं,
सावकाश,
भाडं थकवलेल्या माणसासारखं.

एस.टी.च्या भांडारात एकतीस वर्षं काढली मी.
टायर असो की टाचणी,
तीन कोटेशनं आल्याशिवाय सही केली नाही.
आता कळंब्याच्या या रो-हाउसात
छतातल्या जनावरासाठीही
वहीत तीन रकाने आखले.

पहिला आला गंगावेशीतला महिपती चौगुले.
पोतं, काठी, तोंडात मावा.
वर न बघताच म्हणाला,
"साडेआठशे. एका रात्रीत खेळ खल्लास."
"आणि सोडणार कुठं?"
"सोडायचं कशाला, भावा?"
पोत्यावर एक जुना डाग होता.
तो उसाच्या रसाचा आहे
असं मी मनाशी ठरवून टाकलं
आणि लिहिलं : ८५०.

दुसरा कंपनीचा, टाय घातलेला,
कॉलर घामानं भिजलेली.
बूट मात्र न सांगता दाराबाहेर काढले.
टॅबवर त्यानं मला माझंच घर दाखवलं
लाल ठिपक्यांनी भरलेलं.
"पाच वर्षांची हमी, सर. जीएसटी वेगळा."
हमी कसली, विचारलं.
तो बराच वेळ टॅबमध्ये शोधत राहिला.
लिहिलं : ९,४००.
शेजारी पेन्सिलीनं : पोरगं चांगलं आहे.

तिसऱ्या नंबरावर बाई निघाली, वहिदा शिकलगार.
दर सांगेचना, उलट मलाच विचारत बसली :
वास कसला? किती दिवस झाले?
आसपास चिक्कूचं झाड?
विष्ठेत बिया दिसतात का हो, काका?
उभ्या नोकरीत कुणा पुरवठादारानं
मला गच्चीवर चढून विष्ठा बघायला लावली नव्हती.
बिया होत्या. चिक्कूच्याच.
काळ्याभोर, पॉलिश मारल्यासारख्या.
फोनवर सांगताना मला उगाच
पेपर सोडवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी ती स्कूटीवरून आली.
शिडी शेजारच्या हेर्लेकरांची.
बॅटरीवर लाल जिलेटिन बांधलेलं.
सिलिंगचा प्लाय बोटभर सरकवून
ती बघत राहिली, बघतच राहिली,
आणि खाली आम्ही दोघं शिडी धरून,
माना वर,
दवाखान्यात आतून कुणी बाहेर यायची वाट बघत असल्यासारखे.

"उदमांजर आहे. तीन पिल्लं. डोळे उघडायचेत अजून."
"मग?"
"मग काय? थांबायचं.
दीड-दोन महिने.
आईमागं चालायला लागली की
एका रात्री सगळी बाहेर जातात.
परत येत नाहीत ना, ते बघून
फट बुजवायची. जाळी तुम्ही आणा, लावायला मी येते.
वनखात्याला माझी मी कळवते."
"आणि बिल?"
"जाळी लावल्यावर बघू. आज पेट्रोलचे पन्नास द्या."

नियमानं असलं कोटेशन बाद होतं.
दर नाही. मुदत मोघम.
आणि काम म्हणजे काय, तर काही न करणं.
मी पेन उघडून बसलो.
कुमुदनं नियम विचारले नाहीत.
ती वहिदाला विचारत होती,
पंख्याचा आवाज त्यांना सोसेल का?

तिसरा रकाना कोराच आहे.
पाचवा आठवडा चालू.
वास येतो. कुमुद कुशीवर वळून
"आली वाटतं" म्हणते आणि घोरायला लागते.
मी जागा असतो.
चार पायांच्या मागं हल्ली बारके पाय वाजतात,
दमानं, मधेच थांबत,
एकाचा तर तोल जातो.

जाळी आणलीय, दीड मीटर,
तीन दुकानांत भाव विचारून.
जिन्याखाली उभी आहे.
सुतळी अजून सोडलेली नाही.