अर्धा श्वास

जळगावच्या दुकानात सैफुद्दीनभाईंनी
काचेवर हिरवं मखमल अंथरलं,
पाटल्या दाखवायला अंथरावं तसं,
आणि आधी परवाना वाचला. दोनदा.
"प्रमिला लीलाधर फेगडे. स्वतः?"
स्वतः.
खिरोद्याच्या वरच्या अंगाला केळी, डुकरं कंद उकरतात,
हा वनखात्याचा कागद.

पहिली दुनाली. दस्त्यावर कोरलेला हरणांचा कळप,
दिवाणखान्यात टांगून ठेवावी अशी.
दुसरी तीनशेपंधरा, कोरी, तेलाच्या वासाची.
खांद्याला लावली तर गाल दस्त्यापर्यंत पोचेना,
मान लांबवावी लागली,
विहिरीत पडलेली बादली बघतात तशी.
तिसरी कोपऱ्यात होती, कुण्या वारलेल्या वकिलाची.
दस्त्याचं पॉलिश एका जागी उडालेलं:
वीस-बावीस वर्षं त्याचा गाल टेकत होता तिथं.
माझाही तिथंच टेकला.
डोळे मिटून उचलली, मग उघडले,
खाच, माशी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात
अमावास्येचा काळा ठिपका,
तिन्ही एका ओळीत उभे.
"जुनी आहे, मॅडम."
असू द्या. ब्लाउजसुद्धा मी
फोटो बघून घेत नाही.

सुभान तडवींच्या एका डोळ्यात दूध, दुसऱ्यात ताक.
शिकवायला तरी त्यांनाच बोलावलं.
पंधरा दिवस त्यांनी गोळी दाखवली नाही.
सुकीच्या कोरड्या पात्रात पालथं पडायचं,
नळीवर रुपयाचं नाणं,
रिकामा घोडा दाबायचा, नाणं पडू द्यायचं नाही.
पडलं.
कोपरांना वाळू, पदरात गोखरू.
पुन्हा पडलं.
"घाई कोन्हाले हाय व?
श्वास घे. अर्धा सोड. अर्धा र्‍हाऊ दे.
बोट वढू नको, लिंबू पिळते तसं पिळ,
बी नाही निंघाली पाह्यजे."

गोळ्या मिळाल्या तेव्हा दरडीच्या पोटाशी
तेलाच्या डब्याचा पत्रा, त्यावर कोळशाचं वर्तुळ.
बाबा माझ्या मागं, पत्र्याकडे पाठ करून,
बिडी न पेटवता ओठात धरून बसलेले.
"खाले गेली. डाव्या अंगाले. डोया मिटला तू."
मिटला होता.
"पत्रा बोलते नं," म्हणाले.
कडेला चिरका बोलतो, मधोमध खोल, घागरीसारखा.
मातीत गेली तर काहीच बोलत नाही,
त्याचीच लाज जास्त वाटते.
होळी आली तोवर दहातल्या सात
घागरीसारख्या वाजल्या.
आठवी कुठं गेली, बाबांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मग निवडणूक लागली.
सावद्याच्या ठाण्यात परवानेवाल्यांची रांग,
मी सोडून सगळ्यांना मिशा.
हवालदारानं दस्त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधली,
नेमकी गालाच्या जागी,
आणि पावती फाडली. निकालानंतर या.

त्याच रात्री डुकरं आली.
आचारसंहिता त्यांना लागू नव्हती.
एकेचाळीस खोडं आडवी, ठिबकच्या नळ्या चावलेल्या,
सरींमधून पाणी उगाच फिरत होतं.
बाबांनी एक कंद उचलला, दाताच्या खुणा
बोटांनी चाचपल्या, जपमाळ ओढावी तशा.
"म्हातारी हाय एक. इकडचा दात पडेल तिचा.
बाकी सारी पिल्लं."
बराच वेळ आम्ही दोघं चिखलाकडे बघत उभे,
म्हणजे मी बघत, ते नुसते उभे.
मग म्हणाले, "काठी हाय का घरी?"

मुसळ होतं.

आता रोज गच्चीवर, ऊन कलल्यावर,
तापलेल्या फरशीवर गोणपाट टाकून मी पालथी.
खांद्याला मुसळ, टोकाच्या लोखंडी कड्यावर नाणं,
समोर धुरकटलेला सातपुडा,
त्यात कुठंतरी ती, दात पडलेली.
शेजारच्या गच्चीवर पापड उलटणाऱ्या सिंधूमावशी
हात थांबवून विचारतात,
"काय करू र्‍हायली व, प्रमिला?"
उत्तर देता येत नाही.
अर्धा श्वास आत आहे.